पिशवीत साप एकटा नसतो

मी सर्पमित्र आहे. गेल्या श्रावणात शेजारच्या गावातून फोन आला, कुटाराच्या ढिगात साप शिरलाय म्हणून. गेलो तर चांगली सहा फुटांची धामण. धामण एरवी हातात ठरत नाही, पाण्यासारखी निसटते. ही मात्र सुस्त पडून होती. उचलल्यावर पाहिलं तर मानेपासून वीतभर खाली, खवल्यांच्या कडांत, करड्या-तपकिरी रंगाचे चपटे दाणे रुतून बसलेले. मोजले, अठरा भरले. घरची आजी ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "भाऊ, याले माता आली का बावा? आंगावर दाने दिसू राह्यले."

मी म्हटलं, "आजी, माता नाही, गोचीड आहे. तुमच्या बैलाला लागते तशी."

आजीला ते पटलं नाही. बैलाला केस असतात, कातडी मऊ असते. सापाला गोचीड कुठून धरणार? मी एक खवला नखाने हलकेच वर केला आणि दाखवलं. खवल्याखालची कातडी मऊ, पातळ, आणि तिथेच तोंड खुपसून ती बसलेली. आजी चष्मा सावरत वाकून पाहत राहिली.

संध्याकाळी घरी आल्यावर माझं लक्ष पिशवीकडे गेलं. जाड मांजरपाटाची, नाडीची पिशवी. दोन दिवसांआधी तीच पिशवी घेऊन मी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो आणि तिथला नाग तिच्यात घातला होता. मधल्या दोन दिवसांत ती धुतली नव्हती. त्याआधी तर कितीतरी वर्षं मी एकाच खेपेत दोन-दोन साप आणले आहेत आणि तीस-चाळीस किलोमीटर दूरच्या जंगलात नेऊन सोडले आहेत. आपण सापाचा जीव वाचवला याचं समाधान घेऊन घरी येत होतो. त्या सापांबरोबर आणखी काय काय हलवत होतो, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे, आणि सापांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करू. अंगावर किंवा अंगात परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे जीव, असणं म्हणजे साप आजारी असणं नव्हे. रानातला जवळजवळ प्रत्येक साप कुणाला ना कुणाला पोसत असतो. आतड्यात जंत असतात, रक्तात सूक्ष्म जीव असतात, खवल्यांखाली गोचीड असते. आपल्याकडे धामण, नाग, अजगर आणि घोरपड यांच्यावर आढळणारी गोचिडीची एक जात तर खास सरपटणाऱ्या प्राण्यांचीच आहे. ती इथलीच, आणि हे सापही इथलेच. त्यांचा संसार फार जुना आहे.

आमच्या शिवारात एक म्हातारा आंबा आहे. त्याच्यावर बांडगूळ आहे. मी शाळेत होतो तेव्हाही होतं. ते आंब्याचा रस पितं, एखादी फांदी वाळवतं, पण आंबा अजून मोहरतो आणि दर दुसऱ्या वर्षी लोणच्यापुरत्या कैऱ्या देतो. बांडगुळाला आंबा मारून काय मिळणार? झाड पडलं की तेही पडणार. पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिलेल्या परजीवीचं आणि त्याला पोसणाऱ्या जिवाचं असंच काहीसं असतं. पोसणारा थोडा प्रतिकार शिकतो. जो परजीवी फार हावरेपणा करतो तो पोसणाऱ्याबरोबर स्वतःही संपतो. उरतात ते जरा बेताने खाणारे.

ही बेताची सवय मात्र ठरावीक जोडीपुरतीच असते. परजीवी उचलून अशा प्राण्यात टाका ज्याने तो सात पिढ्यांत पाहिलेला नाही, की सगळा हिशेब बिघडतो. नेमकं हेच अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या सापांच्या बाबतीत घडलं. ती गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. एक कारण म्हणजे तिच्यातला परजीवी आपल्या बाजूचा आहे.

फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स नावाची अफाट दलदल आहे. तिथे लोकांनी हौसेने पाळलेले ब्रह्मी अजगर सुटले किंवा सोडले गेले. ब्रह्मी अजगर म्हणजे आपल्याकडच्या अजगराचा अगदी जवळचा भाऊबंद. मूळचा ईशान्य भारतापासून पुढे म्यानमार, थायलंड, व्हिएतनामकडचा. उबदार हवा, मुबलक पाणी, खायला भरपूर आणि अंगावर येणारा शत्रू जवळजवळ नाही, म्हटल्यावर अजगर फोफावले. २००० सालापर्यंत ते तिथे कायमचे वसल्याचं मान्य झालं होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांची जुनी आणि नवी मोजणी ताडून पाहिली. रॅकून या तिथल्या सस्तन प्राण्याच्या दिसण्याचं प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटलेलं होतं, ओपोसम या पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याचं ९८.९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट या रानमांजराचं ८७.५ टक्क्यांनी. त्याच वर्षी अमेरिकेने ब्रह्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली. बातम्यांमध्ये गाजलं ते हेच, अजगराने काय गिळलं ते.

अजगराच्या फुप्फुसात काय होतं, हे मागाहून पुढे आलं. तिथे रेलिएटिएला ओरिएंटॅलिस नावाचा परजीवी राहतो. ओरिएंटॅलिस म्हणजे पूर्वेकडचा, आणि नाव खरंच आहे. त्याचं माहेर दक्षिण आणि आग्नेय आशिया. दिसायला तो जंतासारखा, पांढरट, अंगावर वेढ्यांसारख्या रेघा असलेला. मादी पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत वाढते, म्हणजे जवळपास करंगळीएवढी लांब. तोंडाच्या आजूबाजूला चार आकडे असतात. त्या आकड्यांनी तो फुप्फुसाच्या आतल्या भिंतीला धरून ठेवतो आणि रक्त पितो. चार आकडे आणि एक तोंड मिळून पाच तोंडं असल्यासारखी दिसतात, म्हणून या गटाला पेंटास्टोम म्हणतात. आपण पंचमुखी म्हणू.

पंचमुखी हा जंत नाही. त्याचं गोत्र झिंगे-खेकड्यांचं आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर मासे पाळणाऱ्या ढिवर बांधवांना रोहू-कतल्याच्या अंगाला चिकटणारी चपटी, काचेसारखी माशाची ऊ चांगली ठाऊक असते. मासे अंग घासू लागले, पाण्याबाहेर उड्या मारू लागले की ते लगेच ओळखतात. शास्त्रज्ञांनी पंचमुखीचे शुक्राणू आणि जनुकं तपासली तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते या माशांच्या उवाच. सापाच्या छातीत राहता राहता पाय गळले, कवच गेलं, अंग जंतासारखं झालं. वंशावळ मात्र तलावातलीच.

आता हा एका सापातून दुसऱ्या सापात जातो कसा? साप काही एकमेकांच्या तोंडावर शिंकत नाहीत. त्याचा रस्ता समजायला फ्लोरिडाला जायची गरज नाही. गावातल्या कुठल्याही उकिरड्यापाशी पावसाळ्यात संध्याकाळी तासभर उभं राहावं. शेणाच्या पोवटीखाली शेणकिडे चालू असतात. कुजक्या कुटारात झुरळं पळतात. दिव्याच्या उजेडाला भिंतीवर पाल येते, दगडाआडून भेक निघतो आणि जीभ फेकून किडे टिपतो. थोड्या वेळाने गवतातून सरसर होते, आणि भेक दिसेनासा होतो. साप येऊन गेलेला असतो.

पंचमुखी नेमका याच साखळीवर स्वार होतो. फुप्फुसातली मादी अंडी घालते. अंडी श्वासनळीतून तोंडात येतात, साप ती गिळतो आणि ती विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा झुरळ किंवा शेणकिडा खातो. अंड्यातली अळी किड्याच्या अंगात वाढते. किड्याला बेडूक, पाल किंवा सरडा खातो. अळी आता त्याच्या अंगात जाऊन वाट पाहत बसते. बेडकाला साप खातो. सापाच्या पोटात गेल्यावर अळी आतड्याची भिंत भेदून निघते आणि फुप्फुसापर्यंत पोचते. तिथे मोठी होते, आकडे रुतवते, आणि चक्र पुन्हा सुरू. प्रयोगशाळेत किडे, बेडूक, सरडे यांना मुद्दाम लागण करून हा रस्ता पायरीपायरीने तपासलेला आहे.

फ्लोरिडातल्या सापांनी हा जीव कधी पाहिलेला नव्हता. अजगरांची विष्ठा तिथल्या किड्यांनी खाल्ली, किडे तिथल्या बेडकांनी-सरड्यांनी खाल्ले, आणि ते बेडूक तिथले साप खाणारच होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जे दाखवलं ते मला सगळ्यात अस्वस्थ करून गेलं. हा परजीवी ज्याच्याबरोबर आला त्या अजगरापेक्षा स्थानिक सापांमध्ये जास्त प्रमाणात सापडला, एकेका सापात जास्त संख्येने सापडला, आणि तिथे तो आकारानेही मोठा वाढलेला होता. अजगराच्या शरीराला त्याला आवर घालता येत होता. स्थानिक सापाला ते जमत नव्हतं.

सापाचं फुप्फुस कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. आपल्याला दोन फुप्फुसं. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस नावापुरतं उरलेलं असतं किंवा नसतंच. सगळा कारभार उजव्या एका लांबोळक्या फुप्फुसावर. त्याचा पुढचा भाग रक्तवाहिन्यांच्या जाळीचा, श्वासाचं खरं काम तिथे चालतं. मागचा भाग बराचसा हवेची पिशवी. आता हात-दीड हात लांबीचा साप घ्या. त्याच्या त्या बोटभर जाडीच्या एकुलत्या फुप्फुसात करंगळीएवढे पाच-सहा पाहुणे घाला. वाट अडते, रक्त जातं, भिंतीला जखमा होतात, त्या पिकतात. साप खात नाही, वाळत जातो. फ्लोरिडात छोटा पिग्मी रॅटलस्नेक नावाचा साप आहे, तो एवढाच असतो आणि मुख्यतः बेडूक-सरड्यांवर जगतो. मेलेल्या पिग्मी रॅटलस्नेकच्या तोंडातून पंचमुखी बाहेर आलेले संशोधकांनी पाहिले.

ते साप सापडले तो मध्य फ्लोरिडाचा भाग अजगरांच्या वस्तीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला होता, आणि ही नोंद २०१९ सालची आहे. अजगर तिथे पोचलाच नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती. किडे तिथे होतेच, बेडूक-सरडे होते, आणि त्या बेडूक-सरड्यांत भर होती क्युबातून आलेल्या झाडबेडकाची आणि तपकिरी सरड्याची, म्हणजे तेही उपरेच आणि माणसांच्या कुंड्या, रोपं, गाड्या यांच्याबरोबर फिरणारे. परजीवीला एकदा स्थानिक साखळी सापडली की आणणाऱ्याला हाकलून काही उपयोग होत नाही. उद्या फ्लोरिडातला शेवटचा अजगर पकडला, तरी पंचमुखी तिथेच राहील.

असं सापांच्याच बाबतीत घडतं असं नाही. आपल्या सातेरी मधमाशीच्या पोळ्यात व्हरोआ नावाचा एक बारीक, तांबूस कोळीसारखा जीव असतो. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढतात, आणि तो बहुतेक नरांच्याच घरात वाढू शकतो, म्हणून पोळं टिकतं. युरोपातली मेलीफेरा माशी पेट्यांतून आशियात आणली गेली, दोघी शेजारी आल्या, आणि व्हरोआने उडी मारली. मेलीफेराला त्याला वेचायची सवय नव्हती, आणि तिच्याकडे तो कामकरी माश्यांच्या घरातही वाढू लागला. मग पेट्यांबरोबर तो जगभर गेला आणि एकामागून एक पोळी उजाड झाली. सातेरीकडे बेताने राहणारा तोच जीव मेलीफेराकडे काळ ठरला.

मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं ते हे की या गोष्टींत वाईट जनावर कोणी नाही. पंचमुखी आशियात आपल्या जागी आहे, अजगरही आपल्या जागी आहे. जागा बदलली माणसाने.

आता आपल्याकडे वळू. विदर्भातल्या सापांत परका परजीवी पसरलाय, असं मी म्हणत नाही. पण दार कुठे उघडं आहे ते दिसतं, आणि दार दिसत असताना गप्प बसणं बरोबर नाही.

पहिलं दार हौसेचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यामुळे आपल्याकडचा साप, घोरपड, कासव पाळता येत नाही, हे आता गावोगावी माहीत आहे. त्याची पळवाट म्हणून परदेशी प्राणी पाळायची टूम आली. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना, लाल कानाची कासवं. मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर बॅगांत कोंबलेले असे प्राणी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. जे पकडले जात नाहीत ते मोठ्या शहरातून छोट्या शहरात, तिथून तालुक्याला येतात. पोरगं पुण्याला शिकायला जातं, घरात इग्वाना राहतो, बापाला सांभाळवत नाही, आणि मग एक दिवस नदीकाठी सोडून देतात. सोडणाऱ्याला वाटतं पुण्य केलं.

त्या प्राण्याबरोबर काय येऊ शकतं? पाळीव सापांवर एक काळसर ठिपक्याएवढा कोळी असतो. कपाशीवरचा लाल कोळी पाहिलेल्याला तो ओळखायला वेळ लागणार नाही. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत, खवल्यांमध्ये तो जमतो आणि रक्त पितो. सापांच्या व्यापाराबरोबर तो जगभर पोचलेला आहे. पेटीतून पेटीत, पिशवीतून पिशवीत, माणसाच्या हातावरूनही जातो.

आणि ज्यांना सापाशी काही देणंघेणं नाही, पण दारात बैलजोडी आहे, त्यांच्यासाठी दुसरं उदाहरण. आफ्रिकेतून पाळण्यासाठी अमेरिकेत नेलेल्या कासवांच्या अंगावर आफ्रिकन गोचिडी सापडल्या. त्या गोचिडी हार्टवॉटर नावाचा रोग पसरवू शकतात. हा रोग कासवाचा नाही, गाई, शेळ्या, मेंढ्यांचा आहे आणि जीवघेणा आहे. अमेरिकेला धडकी भरली आणि २००० साली त्यांनी त्या जातींच्या आफ्रिकन कासवांची आयातच थांबवली. हौसेच्या कासवाची वाट सरळ गोठ्यात कशी निघते, ते यातून कळतं.

आपल्या कायद्यानेही हे ओळखलं आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात (साइट्स) नोंदलेल्या जातींचे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंद करावी लागते, आणि घातक परक्या जातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे असा प्राणी असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा: नोंद कर, आणि काही झालं तरी रानात सोडू नको. नकोसा झाला तर वनविभागाला कळव.

दुसरं दार मला जास्त टोचतं, कारण ते माझ्या हातात आहे. सर्पमित्राची पिशवी.

लोक साप दूर सोडायला सांगतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यातली. निंदण करताना, तुरीत पाणी सोडताना, रात्री जमिनीवर झोपलेले असताना. ज्या घरात परड निघाली (घोणसला आमच्याकडे बरेच जण परड म्हणतात) त्या घराला "जवळच सोडतो" म्हणणं सोपं नाही. म्हणून आम्ही दूर नेत आलो.

पण दूर नेण्यात दोन तोटे आहेत. सापाला आपली हद्द असते. बिळं, पाणी, उन्हाची जागा, सगळं त्याला पाठ असतं. अनोळखी जागी सोडलेल्या सापांना रेडिओ यंत्रं लावून जिथे अभ्यास झाले तिथे दिसलं की ते सैरभैर फिरतात, जास्त उघडे पडतात आणि जास्त मरतात. दुसरा तोटा परजीवींचा. एका खोऱ्यातल्या सापाचे जंत, गोचिडी, रक्तातले जीव आपण दुसऱ्या खोऱ्यात नेऊन टाकतो. एका बरणीत मण्यार आणि नाग एकावर एक ठेवले तर एकाची गोचीड दुसऱ्यावर चढायला रात्र पुरते. त्यात मण्यार साप खाते, नागही कधी साप खातो. पूर्व विदर्भातली पट्टेरी मण्यार तर मुख्यतः सापांवरच जगते. म्हणजे आपण सोडलेला कमजोर साप दुसऱ्या सापाच्या पोटात जायला फार वेळ लागत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचे पाहुणेही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपल्यांत ठिकठिकाणचे नाग शेजारीशेजारी कोंबले जात, तेव्हाही हेच होत असणार.

ही गोष्ट विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावायला मला गुरांचा लंपी रोग उपयोगी पडतो. २०२२ च्या पावसाळ्यात बैलबाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबवली गेली. तेव्हा सगळ्यांना कळलं होतं की जनावर हललं की रोग हलतो. मग सापाच्या बाबतीत तोच नियम का नसावा? फरक इतकाच की बैल मेला तर मालक रडतो. साप बिळात मरतो, कुणाला दिसत नाही. दिसतं ते दोन-तीन हंगामांनी, जेव्हा गहू-हरभऱ्याच्या बांधावर उंदरांची बिळं मोजता येईनाशी होतात.

त्या धामणीनंतर मी माझी पद्धत बदलली. एक साप, एक पिशवी. दुसरा साप त्याच दिवशी निघाला तर दुसरी पिशवी. घरी आल्यावर पिशवी उलटी करून उकळत्या पाण्यात बुडवायची आणि दोन दिवस उन्हात टाकायची. गोचिडीला आणि त्या कोळ्याला उष्णता आणि कोरडेपणा सोसत नाही, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा पिशव्या जास्त लागतात. मी चार शिवून घेतल्या. प्लास्टिकची बरणी साबणाने आणि मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खंगाळायची. सापाने पिशवीत घाण केली असेल, तिच्यात खडूसारखा पांढरा भाग असतो, तर ती उकिरड्यावर झटकायची नाही. उकिरड्यावर शेणकिडे आहेत, भेक आहेत, पाल आहे; पुढचं सगळं वर सांगितलंच. तिच्यावर उकळतं पाणी ओतून मग खोल पुरायची. हुक आणि काठीसुद्धा धुवायची. हात साबणाने. सापाच्या अंगातले काही पंचमुखी माणसातही शिरू शकतात. जगात असे रुग्ण मुख्यतः अर्धंकच्चं सापाचं मांस खाण्याच्या भागांत झाले आहेत, पण साप हाताळून त्याच हाताने घास घेऊ नये हे आपल्यालाही लागू आहे.

गोचीड दिसली म्हणून बैलाचं गोचीडनाशक सापावर फवारायचं नाही. मला हे दोन-तीनदा विचारलं गेलंय. ती औषधं गुराच्या वजनाला बेतलेली असतात. साप पातळ कातडीचा, औषधाने मरू शकतो. उपटायच्याही नाहीत, तोंड आत राहतं आणि जखम पिकते. दोन-चार असतील तर राहू द्या, तो त्याचा जुना संसार आहे. साप खरंच वाळलेला, तोंड उघडं टाकून श्वास घेणारा, तोंडातून फेस किंवा रक्त येणारा असेल तर त्याला कुठेच सोडू नका, वनविभागाला कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे उपचार होतात. मेलेला साप सापडला तरी फोटो आणि जागा कळवून ठेवावी. त्याचं पोट स्वतः फाडून पाहू नये.

आणि साप सोडायचा तो त्याच शिवारात. घरापासून दूर, वस्तीपासून दूर, नाल्याच्या काठाला, पळसाच्या झुडपात, जुन्या पाळीच्या दगडांत. पण त्याच शिवारात. सोडण्याआधी घरच्यांशी बोलायला अर्धा तास लागतो. भिंतीची बिळं बुजवा, जळतण घराला टेकवून ठेवू नका, रात्री बॅटरी घ्या, खाटेवर झोपा. ही चार कामं झाली की घर जास्त सुरक्षित होतं. साप चाळीस किलोमीटरवर सोडून तेवढं होत नाही. त्याच्या रिकाम्या बिळात दुसरा येऊ शकतो.

त्या धामणीच्या बाबतीतही मी तेच केलं. कुटाराच्या ढिगापासून अर्धा किलोमीटरवर नाला आहे, तिथे पिशवी उघडली. धामण क्षणभर थांबली, मग तरोट्यात शिरली. महिन्याभराने त्याच वाटेने गेलो तर आजी ओट्यावरच होती.

"भाऊ, त्या गोचिडवालीले लय दूर सोडलं ना?"

मी नाल्याकडे बोट केलं. आजी थोडा वेळ तिकडे पाहत राहिली.

"मंग आमच्या वावरातले उंदरं थे खाईन का?"

"खाईल, आजी."

"मंग राहू द्या," आजी म्हणाली आणि सुपातली तूर निवडू लागली.